कुरण सोसायटीची कमिटी, वर्षभर वापरून बघितली: साडेतीन स्टार

रेटिंग आधीच सांगून टाकतो, पाचापैकी साडेतीन. फील्डच्या कामाला पाच, मीटिंगांना दोन, चहाला चार. सरासरी काढत बसू नका, ती मी माझ्या मर्जीनं काढलीये.

लोक मिक्सरचे, मोबाईलचे, हॉटेलांचे रिव्ह्यू टाकतात पण संस्थेच्या मेंबरशिपचा कोणी टाकत नाही, आणि मग आपल्यासारखे पैसे भरून बसतात नि वर्षभर विचार करतात की आपण नेमकं घेतलं काय. म्हणून हे लिहितोय. संस्थेचं नाव घेणार नाही कारण हीच मंडळी उद्या महाराज बाड्यावर भेटायची आहेत. एवढंच सांगतो की ग्वाल्हेर, दतिया, शिवपुरी, श्योपूर ह्या पट्ट्यातल्या कुरणांसाठी, चराऊ रानांसाठी काम करणारी रजिस्टर्ड सोसायटी आहे. मेंबरांत शेतकी कॉलेजातले रिटायर्ड सर, फॉरेस्टमधले एक-दोन, जनावरांचे डॉक्टर, दुर्बीण गळ्यात घालून फिरणारी पोरं-पोरी, आणि माझ्यासारखे काही जे इथं कसे आले ते त्यांनाही धड सांगता यायचं नाही. माझं ग्वाल्हेरच्या लष्कर भागात पशुखाद्याचं दुकान आहे, सरकी, ढेप, चुनी, कोंडा, भुसा. भुशाचे भाव चढले की गिऱ्हाईक माझ्यावरच ओरडतं जसा काही मीच गहू कापायचा थांबवलाय, तर म्हटलं चला, रानात गवत का उरत नाही ते तरी कळेल. सरांनी पहिल्याच वर्षी कमिटीत ओढलं, म्हणाले व्यापारी माणूस पाहिजे, हिशोब बघायला. झालो.

वर्गणी वर्षाची पाचशे. महाग नाही. खरं बिल रविवारांचं येतं.

मीटिंग महिन्याच्या दुसऱ्या रविवारी अकरा वाजता, म्हणजे पावणेबाराला. कंपूजवळ एका मेंबरच्या कोचिंग क्लासची खोली फुकट मिळते, बाकं शाळकरी पोरांच्या मापाची, आमचे अध्यक्ष सहा फुटी, ते बिचारे आडवे बसतात. पहिला अर्धा तास मागच्या मीटिंगची मिनिटं वाचण्यात जातो कारण एक काका दरवेळी म्हणतात "मी असं म्हटलंच नव्हतं", आणि गंमत अशी की त्यांनी तस्संच म्हटलेलं असतं, सगळ्यांना आठवत असतं, पण कोण वाईटपणा घेणार. मग ते वाक्य बदलायचं. मग पुढच्या महिन्यात दुसरे कोणी म्हणतात की हे वाक्य बदललं कोणी. पोहे मात्र चांगले असतात, वर शेव, आणि चहा आलं घालून, त्याचे चार स्टार मी प्रामाणिकपणे दिलेत.

सेक्रेटरी साहेबांना अमेरिकेतल्या सोसायटी फॉर रेंज मॅनेजमेंटचं फार कौतुक, ती १९४८ सालची आहे, तिथं प्रत्येक भागाचा वेगळा सेक्शन असतो, सेक्शनच्या आपापल्या समित्या असतात, वगैरे वगैरे. त्या धर्तीवर आपल्याकडेही उपसमित्या काढल्या. सदस्यता, प्रकाशन, तरुण, पुरस्कार, बीज, मॉनिटरिंग, आणि एक समन्वय समिती जी ह्या सगळ्यांचा समन्वय करणार. माणसं तीच. मी तीन समित्यांवर आहे, त्यातल्या एकीची वर्षभरात बैठकच झाली नाही आणि तरी तिचा अहवाल वार्षिक सभेत वाचला गेला, टाळ्याही पडल्या.

कागदपत्रांचं काम मात्र जसं वाटलं होतं तितकं वाईट नाही. मध्य प्रदेशात सोसायटी १९७३ च्या कायद्याखाली असते, दरवर्षी कलम २७ खाली कार्यकारिणीची यादी आणि कलम २८ खाली हिशोब द्यायचा, वेळेवर दिलं तर कोणी त्रास देत नाही. दुकानाचा जीएसटी भरणाऱ्याला हे म्हणजे काहीच नाही. पुढे जाऊ.

आता पाच स्टारवाला भाग, आणि ह्यासाठीच मेंबर व्हायचं असेल तर व्हा.

पाऊस उतरला, सप्टेंबर संपत आला की गवत पुरतं भरलेलं असतं, तेव्हा मॉनिटरिंगवाले रानात जाऊन गवत कापून मोजतात. शिवपुरी रोडला मोहनाच्या पुढं आपला एक प्लॉट आहे, गावकऱ्यांनी दगडी पागार, म्हणजे भिंत, घालून राखलेला, आणि त्याला लागूनच उघडी चरनोई, म्हणजे गावची चराईची जमीन, दोन्हीकडे मोजायचं. लोखंडी सळीची चौकट असते, मीटर बाय मीटर, तिला क्वाड्रॅट म्हणतात. मला वाटलं होतं फेकायची, जिथं पडेल तिथं कापायचं. तर नाही, आधी दोरी धरून रेषा आखतात आणि ठरल्या अंतरावरच चौकट ठेवायची, कारण हातात दिली की माणूस नकळत हिरव्यागार जागीच फेकतो. चौकटीच्या आत ज्याचं मूळ आहे तेवढंच विळ्यानं कापायचं, बाहेरून आत वाकलेलं पातं सोडून द्यायचं, मग जातीवार ढिगल्या करायच्या, कागदी पिशवीत भरायच्या, वर पेन्सिलीनं नंबर टाकायचा. पेन नाही चालत, घामानं पुसलं जातं. काट्यावर ओलं वजन, मग कॉलेजच्या ओव्हनमध्ये वाळवून परत वजन, आणि खरं ते दुसरंच, ओल्या गवतात निम्म्याच्या वर पाणीच असतं.

आणि मग जे गणित सरांनी पागारीवर बसून मला करून दाखवलं ते मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतो, बायको म्हणते आता पुरे. तुम्हीही ऐका. एका चौकटीत वाळलेलं १०० ग्रॅम निघालं तर ते हेक्टरी १ टन झालं. त्यातलं निम्मं रानातच सोडायचं असं धरतात, मुळांना, बियांना, मातीवर पांघरूण राहायला. उरलं ५०० किलो. आता ३०० किलोची गावठी गाय घ्या, वजनाच्या अडीच टक्के धरले तरी रोज साडेसात किलो सुकं खाणार, वर्षाचं होतं पावणेतीन टनांच्या आसपास. म्हणजे एका गाईला साडेपाच हेक्टर. एका! आता इथल्या कुठल्याही गावात जा, पटवाऱ्याला चरनोई किती ते विचारा आणि पाणवठ्यावर उभं राहून गुरं मोजा. कायद्यानं गावच्या शेतजमिनीच्या किमान २ टक्के चराईसाठी राखायची आहे, पूर्वी ह्याहून जास्त राखावी लागायची, आणि त्या दोनातही कुठं शाळा, कुठं टॉवर, कुठं कोणाचा गहू. इतकी वर्षं मी पोती विकतोय पण गिऱ्हाईक पोतं का घेतं ते मला त्या पागारीवर कळलं.

जातीवार ढिगल्या करायला मी आधी कंटाळायचो, सगळं गवतच तर आहे. मग हळूहळू डोळा बसतो. १९७३ साली दबडघाव आणि शंकरनारायण ह्यांनी अख्ख्या देशातल्या गवताळ रानांचे पाच मोठे प्रकार पाडले, त्यात आपला हा मध्य भारतातला पठारी पट्टा सेहिमा-डायकँथियम प्रकारात येतो. सेहिमा म्हणजे पवन्या, इकडे त्याला सेन म्हणतात, आणि डायकँथियम म्हणजे मारवेल. (दबडघाव नाव निघाल्याबरोबर आमच्या मराठी मंडळींची छाती फुगली आणि पुढची दहा मिनिटं ते मूळचे कुठले असतील ह्यावर गेली. नेहमीचंच.) जनावरं सगळ्यात आधी हेच चांगलं चांगलं खातात, सतत चरलं की पवन्या मागे पडतं, त्याच्या जागी कुसळी हे टोकदार तुसांचं गवत येतं, आणि तरीही चराई थांबली नाही तर तेही जाऊन अगदीच फालतू बारीक गवतं उरतात ज्यात पोट भरत नाही. राखलेल्या बाजूला मारवेल गुडघ्याला लागत होतं आणि पागारीच्या पलीकडे चौकटीतलं सगळं माझ्या एका मुठीत मावलं. वीस पावलांचं अंतर असेल.

तिथंच एक पाल समाजाचे वयस्कर काका मेंढ्या घेऊन आले, आमचा तमाशा बराच वेळ बघत राहिले. आमची वनस्पतीशास्त्रवाली मुलगी कुसळीचं तुसाचं टोक भिंगातून दाखवत होती, कसं ओलं झालं की पीळ उलगडतो आणि बी स्क्रूसारखं मातीत शिरतं. काकांनी मेंढीच्या लोकरीत बोटं घालून तसली चार तुसं काढून तिच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "बिटिया, जा मट्टी में बाद में जात, पहलें खाल में जात." म्हणजे हे मातीत नंतर जातं, आधी कातडीत. आणि मग त्यांनी सांगितलं की कुसळी निसवायच्या आधी, म्हणजे तुरा बाहेर पडायच्या आत, पोटरीत असतानाच चारून घ्यायची, तेव्हा जनावर आवडीनं खातं, तुसं आली की तोंड लावत नाही आणि वर लोकरीची नि कातडीची वाट लागते. म्हणजे आमच्या प्लॉटवर चराई कधी उघडायची आणि कधी बंद करायची ह्यावर कमिटीत चार महिने जो काथ्याकूट चालला होता त्याचं निम्मं उत्तर ह्या माणसानं उभ्या उभ्या दिलं.

इथंच माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे. कमिटीत एकही चारणारा नाही. एकही नाही! मी हे मीटिंगमध्ये बोललो तर उत्तर आलं की बोलावलं होतं, येत नाहीत. अहो रविवारी अकरा वाजता कोण येणार, त्या वेळी जनावरं रानात असतात, त्यांना काय रविवार आहे का. संध्याकाळी गुरं बांधल्यावर गावात जाऊन बसा ना, पोहे थोडे कमी खाऊ. ठराव झालाय की "ह्यावर विचार व्हावा". विचार चालू आहे.

दुसरी गोष्ट जुलैची. एका उत्साही मेंबरनं नर्सरीतून फुकट रोपं मिळवली, टेम्पोभर, शिसम, करंज, कडुलिंब, बॅनर पण छापला, आणि लावायची कुठं तर आपल्या त्याच प्लॉटमध्ये, मस्त मोकळी जागा आहे म्हणून. सगळे खूश, फोटो येणार, पेपरात बातमी येणार. मी आणि एक दुर्बीणवाली मुलगी आम्ही दोघंच नाही म्हणत होतो आणि दीड तास भांडलो. तिनं कच्छच्या बन्नीचं सांगितलं, तिथं १९६१ साली वनखात्यानं रण पुढे सरकू नये म्हणून ३१ हजार हेक्टरच्या वर गांडो बावळ लावला, म्हणजे आपला विलायती बाभूळ. गुरांनी शेंगा खाल्ल्या, शेणातून बी सगळीकडे गेलं, आणि अडीच हजार चौरस किलोमीटरच्या त्या गवताळ रानाचा केवढा तरी भाग काट्यांनी गिळला, आता मालधारी, म्हणजे तिथले गुराखी, तो उपटत बसलेत. आपल्याकडे चंबळच्या बेहडातही, म्हणजे घळींतही, तोच बाभूळ, गवताला जागाच ठेवत नाही. त्यावर ते मिनिटांवाले काका म्हणाले पण आपण कुठं बाभूळ लावतोय, कडुलिंब लावतोय. हेही खरं, पण सावली पडली की मारवेल विरळ होतंच, मग झाड कुठल्याही जातीचं असो, आणि उघड्या रानात राहणाऱ्या पक्ष्याला झाडोरा नकोच असतो. करेराचं अभयारण्य आठवा, सोनचिरैयासाठी, म्हणजे माळढोकासाठी, १९८१ साली २०२ चौरस किलोमीटर जाहीर झालं, आपल्या घाटीगावचंही त्याच साली. आज करेरात तो पक्षी नाही, कित्येक वर्षं नाही. तिथं झाडांमुळे गेला असं नाही म्हणत मी, तिथली गोष्ट वेगळी, काळवीट वाढले, पिकं खाल्ली, लोकांना स्वतःची जमीन विकता येईना, गाव चिडलं. पण म्हणजे काय, रान नुसतं कागदावर राखून होत नाही, तिथली माणसं बरोबर नसली तर, आणि आपण तर त्याच रानात खड्डे खणायला निघालो होतो.

शेवटी तोडगा निघाला, रोपं गावातल्या शाळेच्या कुंपणाला आणि रस्त्याच्या कडेला लावली, फोटो तिथंही छान आले. आणि ठराव झाला की मोजणीच्या प्लॉटमध्ये झाड लावायचं नाही. वर्षभरातला हा एक ठराव असा की ज्याच्यासाठी मी पाचशे रुपये परत भरीन.

झाशीची सहल पण पैसा वसूल. भारतीय चरागाह व चारा संशोधन संस्था, १९६२ सालची, ग्वाल्हेर रोडलाच आहे, इथून शंभर किलोमीटरच्या आसपास, सकाळी निघालं तर संध्याकाळी घरी. मी तिथून एक गोष्ट शिकून आलो की गवताचं बी पेरणं हे गहू पेरण्यासारखं अजिबात नाही. बी पिसासारखं हलकं, वाऱ्यानं उडतं, मुंग्या ओढून नेतात, खोल गेलं तर उगवत नाही, आणि पुष्कळ गवतांचं ताजं बी तर लगेच उगवतच नाही, काही महिने ठेवावं लागतं. म्हणून माती, शेण आणि वाळूत मळून गोळ्या करतात आणि पावसाच्या तोंडावर टाकतात, नाहीतर जुन्या ठोंबाची मुळांसकट फुटवं काढून लावतात, ते जास्त खात्रीचं. बीज उपसमितीनं मेमध्ये माझ्या दुकानाच्या मागच्या अंगणात गोळ्या वळल्या, शेजारच्या आजी दोनदा येऊन विचारून गेल्या की एवढे लाडू कसले. जुलैत उगवण बरी होती, सगळीकडे नाही, चढाच्या बाजूला वाहून गेलं बरंच. त्याला चार स्टार.

यंदाचं प्रकरण निराळंच. २०२६ हे संयुक्त राष्ट्रांनी कुरणांचं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलंय, ठराव २०२२ मध्येच झाला होता, म्हणजे तयारीला चार वर्षं होती. आमची उत्सव समिती जागी झाली ती वर्ष तोंडावर आल्यावर. त्यात पाहुणे कोण बोलवायचे ह्यावर अख्ख्या दोन मीटिंगा गेल्या. मी म्हटलं दिवाळीनंतर मारवाडातून राईका लोक मेंढ्यांचे कळप घेऊन इकडे येतात, शेतकरी त्यांना रात्री शेतात बसवून घेतात लेंडीखतासाठी, त्यांच्यातल्याच कोणाला मंचावर बसवा, वर्ष त्यांचंच तर आहे. सगळ्यांनी मान डोलावली आणि मंत्र्यांचं नाव सुचवलं. कुनोत १७ सप्टेंबर २०२२ ला चित्ते आल्यापासून सगळ्यांना वाटतं की गवत म्हणजे चित्ता, बॅनरवर पण चित्ताच आहे. असू दे, निदान त्या निमित्तानं लोक विचारतात तरी की चित्ता ज्याला खातो ते चितळ खातं काय.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप म्यूट करा, पहिल्याच दिवशी. सुप्रभात, श्रद्धांजली, वाढदिवस, आणि त्यात मध्येच कुठंतरी फील्डची तारीख येते जी मग सापडत नाही. तारीख सेक्रेटरींना फोन करून विचारा, ते चांगले आहेत, फोन उचलतात. वर्गणीची पावती मागून घ्या, यूपीआय केलं तरी मागा, हिशोब मी बघतो म्हणून सांगतोय, एका मेंबरचे पैसे कोणाच्या नावावर टाकायचे हेच महिनाभर कळत नव्हतं.

कोणी घ्यावी मेंबरशिप? ज्याला पद पाहिजे त्यानं खुशाल घ्यावी, पदं भरपूर आहेत. ज्याला शिकायचंय त्यानं कार्यकारिणीच्या फंदात पडू नये, साधा मेंबर व्हावं आणि मॉनिटरिंग किंवा बीजमध्ये नाव द्यावं, तिथं मिनिटं लिहीत नाहीत. पाऊस सुरू व्हायच्या आत घ्या म्हणजे गोळ्या टाकण्यापासून कापणीपर्यंत सगळं बघायला मिळेल. बूट घालून या, सँडल नको, मोजे जुने घाला कारण कुसळीची तुसं धुऊन निघत नाहीत, एकेक उपसून काढावी लागतात आणि घरच्यांचे बोल वेगळे. पाणी आपलं आपण आणा, त्या बाजूला दुकान नाही. पोरांना आणलंत तर उत्तम, आमच्या पुतण्याला चौकटीतल्या गवतापेक्षा टोळच जास्त मिळाले पण तो परत यायला तयार आहे.

आणि एक, कॉलेजचा ओव्हन ह्या ऑक्टोबरात मिळेल की नाही खात्री नाही, तर कोणाकडे जुना पण चालू ओव्हन किंवा ग्रॅमपर्यंत बरोबर दाखवणारा काटा पडून असेल तर कळवा. सोसायटीकडे पैसे नाहीत, सत्कारावरच संपले. बदल्यात शाली मात्र हव्या तेवढ्या देऊ.